साचा घेण्याआधी भिंत बघ

नंदगडजवळच्या एका मुलाचा प्रश्न आला आहे. रस्त्याकडेला त्यांची वीस गुंठे जागा आहे आणि तिथे सिमेंट ब्लॉकचं युनिट टाकायचा विचार आहे. मशीनवाल्यांनी भरीव, पोकळ आणि इंटरलॉक, म्हणजे खाचांनी एकमेकांत अडकणारा, असे तीन साचे दाखवलेत. घरातली मोठी माणसं म्हणतात, लाल विटेसारखं काही नाही. तो विचारतो, "काका, आपल्या भागात टिकेल असा चांगला ब्लॉक म्हणजे नेमका कसा? साचा कुठला घेऊ, माल कसा धरू, ताकद किती पाहिजे?"

तू काका म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. बेळगाव, खानापूर, हल्याळ, निपाणी या पट्ट्यात मी तीस वर्षांहून जास्त काळ घरं बांधतोय. आधी भट्टीच्या विटा, मग ब्लॉक, मध्ये काही वर्षं दाबलेल्या मातीचे ब्लॉक, आणि खानापूरच्या पश्चिमेला जांभा. ही सगळी कामं केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ब्लॉक साच्यात ठरत नाही, भिंतीत ठरतो. त्याला कोण उचलणार, कोण रचणार, त्यावर पाऊस कुठून येणार, तो सुकायला किती दिवस मिळणार, हे आधी बघायचं आणि मग साच्याचे पैसे द्यायचे.

ताकदीचा प्रश्न सगळेच पहिल्यांदा विचारतात. तो सोपा आहे, म्हणून आधी संपवतो. दोन मजली घर धर. आरसीसी स्लॅब, मध्ये ८ इंची भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा फुटांच्या खोल्या. स्लॅब, फरशी, माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण ६५० किलो होतात. दोन्हीकडचा निम्मा-निम्मा स्लॅब या भिंतीवर बसतो, म्हणजे एका मजल्याचे मीटरला २३०० ते २४०० किलो, दोन मजल्यांचे ४७०० च्या आसपास. भिंतीचं स्वतःचं वजन दोन्ही मजल्यांचं मिळून मीटरला २४०० किलो. एकूण सात टन झाले. हे सात टन एक मीटर लांब आणि २० सेंमी रुंद जागेवर, म्हणजे २००० चौरस सेंटिमीटरवर बसतात. भागाकार कर: चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. न्यूटनमध्ये चौरस मिलिमीटरला ०.३५; पुढे ताकदीला नुसतं 'न्यूटन' म्हणेन ते याच अर्थाने. तुझा साधा ब्लॉक ५ न्यूटनला फुटतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५० किलोला.

मग चौदा पट ताकद आहे म्हणून निश्चिंत राहायचं का? तसंही नाही. एकटा ब्लॉक आणि मालात, म्हणजे सिमेंट-वाळूच्या लगद्यात, रचलेली भिंत यांत फार फरक असतो. सांध्यातला माल दाबाखाली बाजूला पसरायला बघतो आणि ब्लॉकला आडवा ताणतो, त्यामुळे भिंत ब्लॉकच्या मानाने खूप आधी फुटते. शिवाय भिंत उंच आणि पातळ असली की तिची ताकद आणखी कमी धरावी लागते. म्हणून आयएस १९०५ हे विटा-ब्लॉकच्या बांधकामाचं भारतीय मानक ५ न्यूटनच्या विटेच्या भिंतीवर साधारण तिच्या दहाव्या हिश्शाइतकाच दाब येऊ देतं. त्यातही वीट रुंदीच्या मानाने उंच असेल तर थोडी सूट मिळते. रुंदी आणि उंची सारखी असली की सुमारे १.२ पट. याचं कारण उघड आहे, उंच ब्लॉक असला की सांधे कमी. या हिशेबात ५ न्यूटनचा ब्लॉक दोन मजल्यांना पुरतो आणि ७.५ चा निघाला तर मोकळीक राहते. १० च्या मागे लागून सिमेंट ओतू नकोस. आपल्या भागात भार पेलवला नाही म्हणून खचलेली भिंत मी क्वचित पाहिली. ओलीने, भेगांनी आणि पाया सरकून बिघडलेल्या भिंती मात्र शेकड्यांनी पाहिल्या.

आता वजनाचं बोलतो, कारण याकडे कुणी बघत नाही. १६ बाय ८ बाय ८ इंचांचा भरीव सिमेंट ब्लॉक ३० किलोचा भरतो. तो ट्रॅक्टरमधून उतरवणारा गडी, डोक्यावरून परांचीपर्यंत नेणारी बाई आणि छातीच्या वर हात करून बसवणारा गवंडी, हे तिघे दिवसभर तेच वजन उचलतात. दुपारी तीननंतर त्या भिंतीकडे बघ. थर वाकडे होतात आणि उभे सांधे रिकामे राहतात, कारण ३० किलोचा ब्लॉक एकदा टेकवला की पुन्हा उचलून माल लावायची ताकद कुणाच्या हातात उरत नाही. त्याच मापाचा पोकळ ब्लॉक १८ ते २० किलोचा होतो, ६ इंची भरीव साधारण २२ चा आणि ४ इंची १४ चा. जुनी वीट तीन किलोची होती. एका हातात वीट, दुसऱ्या हातात थापी. हजारो वर्षं विटेचं माप माणसाच्या पंजाने ठरवलं, आणि ते बरोबर ठरवलं. मोठा ब्लॉक आणायचा तर निदान दोन हातांनी कंबरेला ताण न देता बसवता येईल असा आण. भरीव ८ इंची साचा तू घेऊच नयेस असं मला वाटतं.

माप हा विटेच्या रचनेतला सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. चांगल्या विटेचा नियम एका ओळीचा: लांबी म्हणजे दोन रुंद्या अधिक एक सांधा. मानकातली वीट १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटर असते. दोनदा ९० आणि १० चा सांधा, झाले १९०. जुन्या मापाची २३० बाय ११० बाय ७० ची वीटही हाच नियम पाळते. आपल्याकडे भट्टीवर 'नऊ-चार-तीन' म्हणून जी वीट मिळते तिचा हिशेब कर. दोनदा चार म्हणजे आठ, सांध्यासह साडेआठ इंचसुद्धा होत नाही, आणि लांबी नऊ. आडवी वीट उभ्या विटेशी जुळत नाही, मग गवंडी मध्ये मालाचा लगदा भरतो. एका बाजूने भिंत सरळ दिसते आणि दुसऱ्या बाजूला इंचभर गिलावा चढतो. सिमेंट महाग म्हणून ओरडणाऱ्या घरमालकाचं निम्मं सिमेंट विटेच्या चुकीच्या मापात जातं.

याच्यात ब्लॉकचा फायदा खरा आहे. १९०-९०-९० च्या विटेच्या भिंतीत १० मिमीचे सांधे धरले तरी जवळजवळ २३ टक्के भाग माल असतो. ३९० बाय १९० च्या ब्लॉकमध्ये तोच भाग साडेसात टक्क्यांच्या आत येतो. चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक बसतात, तेवढ्याच जागेत ८ इंची भिंतीला शंभर विटा लागतात. पण ही बचत ब्लॉक एकसारखे असतील तरच मिळते. साच्याच्या आतल्या पट्ट्या झिजतात, ब्लॉक दोन-तीन मिलिमीटरने फुगत जातो, आणि मालकाला ते कळत नाही कारण रोज तोच ब्लॉक बघतो. दर आठवड्याला वीस ब्लॉक एका रांगेत लावून टेप धर. विटेच्या मानकातही हीच पद्धत आहे: वीस विटांची लांबी ३८०० मिमी यायला हवी, ८० कमी-जास्त चालते. एकेका विटेला पट्टी लावण्यापेक्षा ही युक्ती जास्त खरं बोलते.

साचा घेताना मशीनवाला तुला एकच ब्लॉक दाखवेल. तू त्याला विचार, अर्धा ब्लॉक कुठाय? प्रत्येक एकाआड एक थराला, प्रत्येक दार-खिडकीच्या कडेला अर्धा ब्लॉक लागतो. तो नसला की गवंडी हातोड्याने पूर्ण ब्लॉक फोडतो, त्यातला निम्मा उकिरड्यावर जातो आणि खिडकीची कड तुकड्यांनी भरली जाते. भिंतीत सर्वांत जास्त ताण जिथे येतो तिथेच सर्वांत कच्चं काम. शंभर पूर्ण ब्लॉकांमागे दहा-बारा अर्धे दिलेस तर गवंडी तुझंच नाव सांगेल. त्याबरोबर एक पन्हाळीच्या आकाराचा ब्लॉक, वरून उघडा. लिंटलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या तुळईच्या, पातळीला सगळ्या घराभोवती तो लावायचा, त्यात सळया टाकून काँक्रीट भरायचं. वेगळा फर्मा नको, सेंट्रिंग नको.

घराभोवतीची ही काँक्रीटची पट्टी आपल्याकडे चैन नाही. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा इकडची माणसंही रात्री घराबाहेर पळाली होती. माझी आजी शेवटपर्यंत त्या रात्रीबद्दल बोलायची. जोत्यावर एक, लिंटलवर एक अशा पट्ट्या आणि कोपऱ्यांत उभी सळी, एवढ्याने घर एका पेटीसारखं बांधलं जातं. इथेच पोकळ ब्लॉकची खरी परीक्षा आहे. पोकळ्या दोन असाव्यात, तीन नकोत. दोन पोकळ्यांचा ब्लॉक निम्म्यावर सरकवून रचला की वरची पोकळी खालच्या पोकळीवर बरोबर बसते, पायापासून वरपर्यंत नळीसारखी जागा मिळते, त्यात सळी उभी राहते आणि वरून ओतलेलं काँक्रीट खालपर्यंत पोचतं. तीन पोकळ्या असल्या की मधल्या पडद्यावर पोकळी येते आणि सळी अडते. कागदावर दोन्ही ब्लॉक सारखेच 'पोकळ' असतात.

पोकळ ब्लॉकची बाहेरची कड ८ इंची मापाला ३० मिमीच्या खाली जाऊ देऊ नकोस. सिमेंट वाचवायला काही जण ती २० वर आणतात; वाहतुकीतच कडा उडतात आणि खिळा ठोकला की आरपार जातो. साचा वर उचलला जातो म्हणून पोकळी एका टोकाला थोडी रुंद, एका टोकाला अरुंद असते. रचताना जाड कडेची बाजू वर ठेवायला गवंड्याला सांग, माल पसरायला जागा मिळते. आणि ब्लॉकच्या दोन्ही टोकांना उभी खाच असलेला साचा घे, इंचभर खोल. दोन ब्लॉक शेजारी आले की खाचांची मिळून एक उभी नळी तयार होते आणि तिच्यात वरून पातळ माल ओतता येतो. आपल्या पावसात याचं मोल किती आहे ते आता सांगतो.

कणकुंबी, जांबोटी, आमगाव या भागात जो पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट कमी अथणीत पडतो, पण दोन्हीकडे विकला जाणारा ब्लॉक एकच. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंतीवर वारा पाणी दाबून मारतो. लोक म्हणतात ब्लॉक पाणी पितो. पितोच, पण घरात जे पाणी येतं त्यातलं बहुतेक ब्लॉकमधून येत नाही, उभ्या सांध्यातून येतं. गवंडी आडव्या सांध्यात माल पसरतो, उभ्याला पुढून-मागून थापीने नुसता लिंपतो, आत पोकळ राहतं. गिलाव्याला केसाएवढी भेग पडली की पाणी थेट त्या पोकळीत जातं. मी गळणाऱ्या भिंती फोडून बघितल्यात. दहापैकी आठ ठिकाणी ब्लॉक कोरडा आणि सांधा ओला. म्हणून त्या खाचा. म्हणून दीड-दोन फुटांचा छज्जा, आणि म्हणून जोत्याजवळच्या थरात पाणी बाहेर पडायला बारीक भोकं. आपली जुनी माणसं पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या तट्ट्या बांधायची. त्यांना भिंत समजत होती.

मानकाप्रमाणे सिमेंट ब्लॉकने वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये आणि भट्टीच्या साध्या विटेने २० टक्क्यांहून जास्त. हे घरीसुद्धा बघता येतं. उन्हात चार-पाच दिवस वाळवलेला ब्लॉक तागडीवर तोल, चोवीस तास पाण्यात बुडव, पुसून पुन्हा तोल. प्रयोगशाळेइतकं नेमकं नाही, पण २२ किलोचा ब्लॉक २५ चा झाला तर आणखी काही विचारायची गरज नाही.

आता भेगा. यावर जरा थांबतो, कारण इथे माझ्या हातून चूक झाली आहे.

१९९८ साली खानापूरच्या पश्चिमेला एका शिक्षकांचं घर बांधत होतो. पावसाळ्याआधी छत टाकायची घाई होती. ब्लॉक नऊ दिवसांचे होते, हिरवे म्हणतो आपण तसे. वर मी मालही १:३ चा, म्हणजे एक सिमेंटला तीन वाळू असा, वापरला. घर मजबूत व्हावं हीच इच्छा होती. पुढच्या शिमग्यापर्यंत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून उभ्या भेगा गेल्या, आणि त्या सांध्यातून नाही, थेट ब्लॉक चिरून. शिक्षक मला एक शब्द बोलले नाहीत. त्या घरावरून आजही जातो तेव्हा बुजवलेल्या भेगांच्या रेषा दिसतात.

झालं होतं ते असं. सिमेंटचा ब्लॉक सुकताना आखडतो. मानक ०.०६ टक्क्यापर्यंत आखडणं चालवून घेतं. आकडा छोटा वाटतो, पण चार मीटर भिंतीत तो अडीच मिलिमीटर होतो. हे आखडणं ब्लॉक थप्पीत असताना झालं तर कुणाचं काही बिघडत नाही. भिंतीत झालं तर भेग पडणारच. भेग कुठून जाणार हे माल ठरवतो. माल ब्लॉकपेक्षा मऊ असला की ओढ सांध्यांत विखुरते, केसासारख्या बारीक रेषा होतात, गिलाव्याखाली झाकल्या जातात. माल ब्लॉकपेक्षा टणक असला की सगळी ओढ एका जागी साठते आणि ब्लॉकच तुटतो. म्हणून १:६ चा माल पुरे, आणि चुना मिळत असेल तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू हा सर्वांत चांगला. चुन्याचा माल हाताखाली लोण्यासारखा पसरतो, पाणी धरून ठेवतो, आणि बारीक भेग स्वतः बुजवतो. आपल्या भागातल्या गवंड्यांच्या हातातून चुना गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुझ्या युनिटसाठी याचा अर्थ असा की मशीनपेक्षा जागा जास्त लागेल. किमान १४ दिवस ओलं ठेवायचं, मग चार आठवडे हवा खेळेल अशी फटी सोडून थप्पी लावून सुकवायचं. म्हणजे दीड महिना. मालक सातव्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहील. त्याला नाही म्हणायची तयारी असेल तरच या धंद्यात पड. आपल्याकडे मृगानंतर काहीच सुकत नाही, तेव्हा पावसाळ्यात विकायचा माल चैत्रापर्यंत काढून पत्र्याखाली ठेवावा लागतो. प्रत्येक थप्पीवर चुन्याने तारीख लिही. रचताना आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांग. लाल वीट पाण्यात बुडवून लावतात, कारण कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल भुसभुशीत होतो. सिमेंट ब्लॉक मात्र बुडवायचा नाही. बुडवला की तो फुगतो आणि भिंतीत पुन्हा आखडतो. फार ऊन असेल तर वरून हलकं पाणी शिंपडायचं, बस्स. विटेची सवय असलेला गवंडी ब्लॉकवर पाइप सोडतो आणि आपण हौसेने बघत राहतो.

ब्लॉकच्या मालाबद्दल फार लिहीत नाही. एक सिमेंटला आठ-नऊ भाग क्रशरची डस्ट आणि बारीक चिप्स मिळून, चिप्स ६ मिमीच्या वर नकोत. डस्टमध्ये पिठासारखा भाग जास्त असेल तर पाणी जास्त लागतं आणि आखडणंही वाढतं, तेव्हा चाळून नाहीतर धुऊन घे. पाण्याची परीक्षा मुठीत. दाबला की गोळा व्हावा, मोडला की स्वच्छ दोन तुकडे व्हावेत, तळहात नुसता ओलसर व्हावा. मशीनची थरथर जितकी चांगली तितकं सिमेंट कमी लागतं, त्यामुळे पैसे वाचवायचे तर मशीनच्या मोटरवर वाचवू नकोस.

लाल विटेबद्दल तुझी मोठी माणसं म्हणतात ते अगदी खोटं नाही. चांगली भाजलेली वीट आखडत नाही, हा तिचा फार मोठा गुण. खानापूरची माती तर कुंभारकामासाठी नावाजलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था उगीच खानापुरात नाही. अडचण भाजण्यात आहे. आव्यातली मधली वीट खणखणीत, कडेची पिवळी आणि कच्ची, आणि ट्रॉलीत दोन्ही एकत्र येतात. दोन विटा एकमेकींवर आपट, धातूसारखा आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठला तर ती परत कर. पूर्वेकडे, काळ्या मातीच्या पट्ट्यात, आणखी एक दुखणं आहे: मातीत चुनखडीचे खडे असतात, ते भट्टीत भाजून कळीचा चुना होतात आणि पहिल्या पावसात ओल लागली की फुगून विटेचा टवका उडवतात. माती बारीक दळल्याशिवाय आणि काळ्या मातीत डस्ट किंवा भाजक्या विटांचा चुरा मिसळल्याशिवाय तिकडे बरी वीट होत नाही. आणि एक गोष्ट मनात सलते ती सांगतोच. हजार विटांना तीन टनांहून जास्त माती लागते, आणि ती बहुतेक भाताच्या खाचरातली वरची माती असते. ती वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या गेल्या असतील!

खानापूरच्या पश्चिमेला जांभा मिळत असेल तर तो विसरू नकोस. खाणीतून काढताना करवतीने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. कन्नडमध्ये त्याला जंबिट्टिगे म्हणतात, आणि इट्टिगे म्हणजे वीट. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात ब्युकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने मलबारात बघितलेल्या याच दगडाला लॅटराइट नाव दिलं, तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता दगडाला वीटच म्हटलं. मानक त्याला ३.५ न्यूटन ताकद पुरेशी धरतं. एका मजल्याला तो उत्तम, फक्त पिवळी-पांढरी मातीची नस असलेला चिरा बाजूला काढायचा.

दाबलेल्या मातीचे ब्लॉक मी स्वतः काढलेत. बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत १९७४ साली अॅस्ट्रा हे खेड्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं आणि तिथल्या मंडळींनी यावर खूप काम केलं. हाताने चालणारं यंत्रही बनवलं. आपली लाल माती त्याला चांगली, पण नुसती नाही. तिच्यात चिकणमाती जास्त असते, ती १०-१५ टक्क्यांवर येईपर्यंत डस्ट मिसळावी लागते आणि ६ ते ८ टक्के सिमेंट. ताकद नेहमी ओल्या ब्लॉकची तपासायची. कोरडा ब्लॉक दगडासारखा वाटतो, भिजला की ताकद निम्म्यावर येते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरात आपल्या जिल्ह्यात मातीच्या भिंती कशा बसल्या ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या भिंती साध्या मातीच्या होत्या, सिमेंट मिसळलेल्या नव्हत्या, तरी नदीकाठच्या घराला मी मातीचा ब्लॉक जोत्याच्या खाली कधीच देणार नाही. उंच जागेवर, रुंद छपराखाली मात्र त्याच्या भिंतीइतकी गार भिंत मला दुसरी माहीत नाही.

इंटरलॉकचं सांगून थांबतो. 'माल लागत नाही' हे त्याचं भांडवल, आणि तेच त्याचं दुखणं. माल फक्त चिकटवत नाही, उंचीतला फरकही सांभाळून घेतो. इंटरलॉकच्या प्रत्येक थरात एक मिलिमीटर फरक पडला तर दहा थरांत सेंटिमीटर होतो आणि तो लपवायला जागाच नाही. साच्यात भरलेला माल मूठभर कमी-जास्त झाला की ब्लॉकची उंची किंवा घट्टपणा बदलतो. अथणी-रायबागकडे, कमी पावसात, कंपाउंडला किंवा गोदामाला तो चालेल. नंदगडच्या पश्चिमेला कोरड्या सांध्यांची भिंत गिलावा न करता उभी करू नकोस.

तेव्हा तुझ्या जागी मी असतो तर ३९०-१९०-१९० चा दोन पोकळ्यांचा, टोकांना खाच असलेला साचा घेतला असता, त्याचा अर्धा आणि पन्हाळीचा जोडसाचा, आणि आतल्या भिंतींसाठी ४ इंची भरीव. पहिले दोन महिने काही विकू नकोस. प्रत्येक दिवसाच्या घाण्यातले आठ ब्लॉक बाजूला काढून तारीख घाल, २८ दिवसांनी बेळगावातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाबून आण आणि वहीत लिहून ठेव. ज्या घाण्यात आकडा घसरेल त्या दिवशी डस्ट बदलली होती, पाणी जास्त पडलं होतं की मशीनवर नवा माणूस होता, ते त्याच वहीत सापडेल. आठवड्याभरात मी हल्याळला जातोय, वाटेत नंदगडला उतरून तुझी डस्ट हातात घेऊन बघतो. एक पोतं भरून कोरडी ठेव.